तेलाच्या वाटीत कोण दिसतं?

तुमच्या बाथरूममधल्या शाम्पूच्या बाटलीवर एक हिंदी क्रियापद छापलेलं आहे. 'चाँपना', म्हणजे दाबणं, चेपणं. त्याचा आज्ञार्थ 'चाँपो'. अठराव्या शतकात इंग्रजांनी तो हिंदुस्थानात ऐकला आणि 'शाम्पू' असा लिहून घेतला. पुढची बरीच वर्षं इंग्रजीत शाम्पू करणं म्हणजे मालिश करणं. केस धुण्याचा अर्थ त्याला खूप नंतर चिकटला.

हा शब्द विलायतेत गाजवला तो पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी. जन्म १७५९ चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर ते वाढले, १७८४ मध्ये आयर्लंडला गेले, १७९४ मध्ये त्यांनी इंग्रजीत प्रवासवर्णन छापलं. १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं आणि त्यात बुडाले. मग १८१४ च्या सुमारास ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी जाऊन वाफारा आणि मालिशचा धंदा सुरू केला. गिऱ्हाइकाने आधी औषधी वाफेत घाम काढायचा, मग फ्लॅनेलच्या तंबूत शिरायचं. त्या तंबूला बाह्या शिवलेल्या असत. बाहेरून कुणाचे तरी हात त्या बाह्यांमधून आत येत आणि अंग रगडत. राजा चौथा जॉर्ज आणि त्याच्यामागून आलेला चौथा विल्यम, दोघंही त्यांची सेवा घेत. दीन महंमद यांना बिरुद मिळालं 'शाम्पूइंग सर्जन'. २०१९ च्या १५ जानेवारीला गूगलने त्यांचं डूडलही केलं होतं.

मला या गोष्टीत तो तंबू सगळ्यात जास्त खुणावतो. माणूस बाहेर, हात तेवढे आत. मालिश करणाऱ्यांचा सगळा इतिहास त्या तंबूत मावतो असं मला वाटतं. हात हवे असतात, हातांचा मालक नजरेआड असला तर बरं असतं.

हे मी बोलू शकते, कारण ते हात माझे आहेत.

पडद्यामागचं टेबल

मी कापड्याची. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालं की आंबेनळी घाट चढायच्या आधी आमचं गाव लागतं. इथून एक वाट तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठकडे जाते, दुसरी घाट चढून प्रतापगडाकडे. मालिशचा कोर्स मी पनवेलला केला, दोन वर्षं पार्लरमध्ये काम केलं आणि गावी परतले. आता महाड-पोलादपूरकडच्या गावांत कार्यक्रम असला की मी टेबल लावते. जानेवारीत हळदीकुंकू, मार्चमध्ये महिला दिन, मे महिन्यात चाकरमानी आले की गावची पूजा, अधूनमधून बचतगटांचे मेळावे. हॉलच्या एका कोपऱ्यात मेंदी, दुसऱ्यात बीपी-शुगरची तपासणी आणि पडद्यामागे मी. घडीचं टेबल, दोन खुर्च्या, टॉवेलांचा गठ्ठा, गरम पाण्याचं घमेलं, तिळाचं तेल आणि खोबरेल. प्रत्येकीला पंधरा मिनिटं. मान, खांदे, पोटऱ्या, तळपाय.

आधी दोन-चार प्रश्न विचारते. साखर आहे का? पायाला मुंग्या येतात का? एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर मी तिला हात लावत नाही. तिथे रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा सरळ डॉक्टरकडे पाठवते. बाकीचं अंगच सांगतं. लावणीत दिवसदिवस वाकून आवळलेली कंबर. हंडे वाहून आखडलेली मान. टाचांच्या भेगा, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात झालेल्या चिखल्या.

साठीच्या पुढची बाई खुर्चीत बसते, पण पाय माझ्या मांडीवर ठेवायला काही तयार होत नाही. "अगं बाय, माझे पाय कशाला धरतेस?" म्हणते. हिने सासूचे पाय चेपलेत, नवऱ्याच्या पाठीला तेल चोळलंय, लेकीसुनांची बाळंतपणं काढलीत. तिच्या पायांना मात्र आजवर कुणी हात लावलेला नाही. कुणी मला आधी आडनाव विचारते आणि मग बसायचं की नाही ते ठरवते.

कार्यक्रम संपतो. मंडपवाला बिल देतो, साउंडवाला पैसे मोजून घेतो, वडापाववाल्याचा हिशेब होतो. मला शाल आणि नारळ मिळतो. "ताई, तुमची तर ही सेवाच आहे!"

पाय ओढून घेणारी बाई, आडनाव विचारणारी बाई आणि शाल-नारळ. या तिन्हींच्या मागे एकच जुना प्रश्न आहे: कुणाच्या अंगाला कुणी हात लावायचा, आणि त्या हाताला काय म्हणायचं?

राजाचे पाय

मालिश चांगली असते, याबद्दल आपल्याकडे कधीच वाद नव्हता. चरकसंहितेत रोज अंगाला तेल लावावं असं सांगताना तीन साधे दाखले दिले आहेत: तेल मुरलेली घागर, तेल पाजलेलं चामडं आणि वंगण दिलेला गाडीचा आस. तेलाने हे जसे टिकाऊ होतात, तसं शरीर. हे तिन्ही दाखले कष्टाच्या वस्तूंचे आहेत हे मला आवडतं.

पण तेल मुरवून घ्यायला वेळ लागतो, दुसऱ्या कुणाचे हात लागतात, आणि या दोन्ही गोष्टी सगळ्यांना सारख्या मिळत नाहीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाने कसं जगावं याचा तो जणू कोश. त्यात राजाच्या वीस उपभोगांची यादी आहे: घर, स्नान, विडा, वस्त्रं, फुलं, दागिने, जेवण, पाणी, छत्र, शय्या. त्यात एक स्वतंत्र उपभोग आहे 'पादाभ्यंग', म्हणजे पायांना तेल लावून घेणं. पाय रगडून घेणं ही सत्तेची खूण होती. ज्याचे पाय दुसरा कुणी रगडतो तो मोठा. रगडणाऱ्याचं नाव यादीत असायचं कारण नव्हतं.

बिचाऱ्या आमच्या आजीबाईंनी पाय ओढून घेतला तर नवल काय? कुणाला पाय चेपायला लावणं म्हणजे आपण मोठं होणं, हे तिला कुणी न शिकवता ठाऊक आहे. आणि मोठं व्हायची तिला सवय नाही.

देव कामावर गेला

या इतिहासात एक गोष्ट मात्र वेगळी आहे. संत सेना न्हावी यांची.

महिपतींनी १७६२ मध्ये 'भक्तविजय' लिहिला, त्यात ती आहे. सेना महाराज राजदरबारी न्हावी. हा राजा कुठे बिदरचा बादशहा असतो, कुठे बांधवगडचा राजा. एके सकाळी सेना पूजेला बसले असताना राजाचं बोलावणं आलं. ते उठले नाहीत. पुन्हा बोलावणं, पुन्हा नाही. राजा संतापला. तेव्हा विठ्ठलच सेनांचं रूप घेऊन, खांद्याला धोकटी लावून वाड्यावर गेला. त्याने राजाची हजामत केली, अंगाला तेल लावलं. राजाने सहज तेलाच्या वाटीत पाहिलं, तर वाटीत चतुर्भुज रूप. मान वर केली, तर समोर नेहमीचा न्हावी. खूश होऊन राजाने मोहरा दिल्या आणि त्या धोकटीत पडल्या.

कीर्तनात ही गोष्ट भक्तीचा महिमा म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांची पुण्यतिथी नाभिक समाज आजही साजरी करतो. पण मालिश करणारी बाई म्हणून मला तीत आणखी तीन गोष्टी दिसतात. पहिली, सेना यांनी राजाला नाही म्हटलं. दुसरी, देवाला तेलाचे हात करायला कमीपणा वाटला नाही. आणि तिसरी गोष्ट सहसा कुणी बोलत नाही: देवाच्या मालिशचेसुद्धा पैसे दिले गेले. राजाने विठ्ठलाला शाल-नारळावर वाटेला लावलं नाही.

वाटीतलं रूप पाहायला राजाला खाली बघावं लागलं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तलवारीचा हात, तेलाचा हात

देवाच्या गोष्टीतून गावात आलं की चित्र पालटतं. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. हजामत तर त्याची होतीच, शिवाय लग्नात नवरदेवाला न्हाऊ घालणं, रात्रीची दिवटी धरणं, मुक्कामाला आलेल्या अंमलदाराचे पाय चेपणं हेही त्याच्या गळ्यात. मोबदला सुगीला, धान्यात. किती हात चालले याचा हिशेब त्यात नव्हता. हक्क होता, पण दर नव्हता, आणि नकार तर नव्हताच.

आमच्या घाटाच्या माथ्यावर प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९ ला तिथे अफजलखानाच्या भेटीत सय्यद बंडाचा वार जिवा महालांनी अडवला, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. जिवा महाला नाभिक समाजातले. पुढच्याच वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांचं सोंग घेऊन मरणाला सामोरे गेलेले शिवा काशीदही त्याच समाजातले. दोघांबद्दल अभिमान वाटावा असंच आहे. पण एक गंमत बघा. आपण त्यांच्या हाताची आठवण काढतो ती हातात दांडपट्टा आला तेव्हापासून. वस्तरा आणि तेलाची वाटी धरणाऱ्या हातांचा पोवाडा कुणी रचत नाही.

न्हाणीघरातली कारागीर

पुरुषांच्या मालिशला निदान बलुत्यात जागा होती. बायकांची मालिश न्हाणीघराच्या दाराआड राहिली.

बाळंतपण काढणारी सुईण पुढे दहा-बारा दिवस, कुठे सव्वा महिनाही येई. बाळंतिणीचं अंग रगडायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, शेक-शेगडी, धुरी. मग पाय लांब करून बसायचं, बाळाला नडगीवर घ्यायचं, टाळूवर तेल भरायचं, हातपाय चोळून आडवे-उभे ताणायचे. बदल्यात लुगडं, खण-नारळ, पायली-दोन पायली धान्य. पुष्कळ ठिकाणी सुईण न्हाव्याच्या घरची किंवा दलित असे. गंमत पाहा, बाळाला पहिला स्पर्श तिचा, पण बाळ मोठं झालं की तिचा स्पर्श नको. सोयर फिटलं की तिचा हात पुन्हा परका.

माझी आजी ही कामं करत असे. तिला कुणी कारागीर म्हटलं नाही. तिचा हात 'हलका' आहे म्हणत, आणि तेवढंच प्रशस्तिपत्र. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि ते बरंच झालं. किती बाया-बाळं वाचली. पण डिस्चार्ज मिळाल्यावर मालिशवाली लागतेच. मुंबईला तिचे रोजचे पैसे ठरवून घेतात. ज्या कामाला गावात खण-नारळ, त्याच कामाला शहरात दर. हात तोच.

नाही म्हणणारे हात

दर ठरवायचा तर आधी नकार देता आला पाहिजे. इतिहासात हा नकार दिलेल्यांची दोन उदाहरणं मला फार जवळची वाटतात. दोन्हींमध्ये फक्त चार वर्षांचं अंतर आहे.

पहिलं मुंबईचं, १८९० चं. तेव्हा उच्चवर्णीय घरांत नवरा गेला की बाईचे केस भादरत. ती कोवळी पोर असली तरी. हे काम न्हाव्याचं. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत शेकडो न्हावी जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. विचार करा. समाजसुधारक लेख लिहीत होते, व्याख्यानं देत होते. पण प्रथा चालत होती ती एका हाताच्या जोरावर, आणि त्या हाताने काम थांबवलं.

दुसरं लंडनचं, १८९४ चं. तिथे मालिशच्या नावाखाली वेश्याव्यवसाय चालतो असा वैद्यकीय नियतकालिकातून गवगवा झाला, आणि प्रामाणिकपणे मालिश करणाऱ्या बायका बदनाम झाल्या. तेव्हा चार परिचारिका एकत्र आल्या आणि त्यांनी प्रशिक्षित मालिशकारिणींची संस्था काढली. परीक्षा ठेवली, नियम केले: डॉक्टरच्या सांगण्याशिवाय मालिश नाही, पुरुषांची सर्वसाधारण मालिश नाही. पहिल्या महायुद्धात अशाच शिकलेल्या बायकांनी जखमी सैनिकांच्या हातापायांवर काम केलं. १९२० मध्ये राजाची सनद मिळाली. तीच संस्था आज ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची मुख्य संघटना आहे. म्हणजे तुमच्या जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या खोलीचं एक मूळ 'मालिशवाली' या शिवीसारख्या शब्दाला दिलेल्या उत्तरात आहे.

मी कुणाला 'मालिश करते' असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे हसू उमटतं, ते या बायकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलं होतं. मला त्याचा मोठा आधार वाटतो.

पण नकाराला दुसरी बाजूही आहे, आणि ती आमच्या शेजारीच आहे. गावोगावचा न्हावी दलितांच्या डोक्याला वस्तरा लावत नसे. कधी मनाने, कधी गावाच्या धाकाने. म्हणजे हात थांबला की न्यायच होतो असं नाही. २० मार्च १९२७ ला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता, स्पर्शाचा होता. महाड कापड्यापासून काही लांब नाही. म्हणून माझ्या टेबलापाशी कुणी आडनाव विचारलं, तर मी एवढंच सांगते: टॉवेल प्रत्येकीला धुतलेला, पाणी प्रत्येकीला नवं, हात सगळ्यांना हेच. बसायचं तर बसा. बहुतेक जणी बसतात. एखादी उठून जाते.

सेवा कशाला म्हणायचं

तुम्ही म्हणाल, मग सेवा वाईट का? मुळीच नाही. आषाढात आमच्याकडे लावणी असते, तरी दोन दिवस काढून मी पालखीच्या वाटेवर जाते. पुण्यापासून पंढरपूरपर्यंत ठिकठिकाणी लोक वारकऱ्यांचे पाय चेपायला बसलेले असतात. फिजिओथेरपीचे विद्यार्थी असतात, नाभिक समाजाचे लोक फुकट दाढी-कटिंग आणि मालिश करत असतात, नोकरदार असतात, पोलीससुद्धा दिसतात. अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या त्या पायांना फोड आलेले असतात, पोटऱ्यांचे गोळे झालेले असतात. तिथे मी एक पैसा घेत नाही.

तिथे फरक काय आहे, ते एका वारकरी आजोबांमुळे लख्ख दिसलं. मालिश झाली, ते उठले, 'माऊली' म्हणाले आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मीही वाकले. वारीत ही रीतच आहे. प्रत्येक जण प्रत्येकाच्या पाया पडतो. त्यामुळे पाय धरणारा लहान होत नाही आणि धरू देणारा मोठा होत नाही. मानसोल्लासातली राजाची यादी तिथे पुसली जाते.

आणि मुख्य म्हणजे, तिथे मी मला हवं म्हणून जाते. नाही गेले तर कुणी विचारत नाही. सेवा देणाऱ्याने ठरवायची असते. घेणाऱ्याने परस्पर ठरवली की ती वेठ होते, मग वर कितीही भरजरी शाल घाला.

सरकारी कागदांवरही हा हिशेब अजून अर्धाच आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसाय, अवजारांसाठी १५,००० रुपये, विनातारण कर्ज. यादीत सुतार, लोहार, कुंभार, परीट, शिंपी आहेत, न्हावीही आहे. त्याची धोकटी अखेर कारागिराची पेटी ठरली, आनंद आहे. पण बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी, पिढ्यान्‌पिढ्यांची बाळं नडगीवर घेऊन रगडणारी बाई त्या १८ मध्ये नाही. तिला अवजारच नाही ना. तिचे हातच अवजार.

गेल्या वर्षीपासून मी कार्यक्रम ठरतानाच दर सांगते आणि शेवटी पावती फाडते. त्यामुळे दोन-तीन ठिकाणची बोलावणी बंद झाली. एका बचतगटाच्या बायकांनी मात्र आपसात बराच खल केला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपण शेतावर मजुरीला गेलो तर सेवा म्हणून परत येतो का?" मग सगळ्यांनी वर्गणीत थोडी भर घातली.

त्यांच्या हिशेबाच्या वहीत त्या दिवसाचा खर्च लिहिला आहे. मंडप, चहा, साउंड, नाश्ता, आणि पाचव्या ओळीत निळ्या शाईने: मालिश, बावीस जणी. पुढे आकडा. आकडा मोठा नाही. पण त्या पाचव्या ओळीला मी बराच वेळ पाहत राहिले, कारण माझ्या आजीचं काम मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलेलं पाहिलं.